‘पेटंट-७२’चे कोडे: शर्यतीची जुनी सायकल वाचावी कशी?

१/
२५ ऑक्टोबर १९७२. मेक्सिको सिटीच्या वेलोड्रोमवर बेल्जियमच्या एडी मर्क्सने एका तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले आणि सायकलिंगमधला तासाचा जागतिक विक्रम आपल्या नावावर केला. त्याच्या सायकलीच्या फ्रेमवर नाव झळकत होते ‘विंडसर’. विंडसर ही मेक्सिकोतील सायकल कंपनी. पण ती सायकल तिने घडवलेली नव्हती. घडवली होती इटलीतील एर्नेस्तो कोलनागो या कारागिराने.

२/
ती सायकल आज ब्रसेल्समध्ये, मर्क्सचेच नाव दिलेल्या मेट्रो स्थानकात काचेआड ठेवलेली आहे. तिची हकीकत नोंदलेली असल्याने आपली फसगत होत नाही. पण क्षणभर असे समजा, की सगळे कागद नाहीसे झाले आणि फक्त सायकल उरली. तिच्यावरचे नाव वाचून उद्याचा अभ्यासक बिनदिक्कत लिहील: ‘मेक्सिकोत तयार झालेली सायकल’. वाचन अचूक आणि निष्कर्ष मात्र साफ चुकलेला!

३/
मग वस्तूवरचे नावच भरवशाचे नसेल, तर तिचा काळ आणि तिचे कूळ ठरवायचे तरी कसे? शिलालेख, नाणी आणि ताम्रपट यांबाबत हा प्रश्न आपण नेहमी विचारतो. आज तोच प्रश्न पोलादी नळ्यांच्या शर्यतीच्या सायकलीला विचारू. आणि त्याहून अवघड प्रश्न शेवटी: तिला ‘नवीकोरी’ करताना आपण तिचा इतिहास तर पुसत नाही ना?

४/
आधी नावाचे दुखणे समजून घेऊ. व्यावसायिक संघांत प्रायोजकाच्या रंगाची आणि नावाची सायकल चालवावी लागे, पण स्वाराच्या मापाची फ्रेम अनेकदा त्याच्या विश्वासातला कारागीर बांधून देई. मर्क्सच्या मोल्तेनी संघातील नारिंगी सायकली कोलनागो आणि पुढे उगो दे रोसा यांनी बांधल्या. फ्रेमवर नाव मात्र मर्क्सचे. म्हणून पहिला नियम: चिकटपट्टी ही मालकीची किंवा जाहिरातीची साक्ष असते, निर्मितीची असेलच असे नाही. शिवाय अशा चिकटपट्ट्या आजही नव्याने छापून मिळतात.

५/
आता सुट्या भागांकडे वळू. इटालियन शर्यतीच्या सायकलींच्या जगात एक नाव टाळता येत नाही: काम्पान्योलो. तुल्लिओ काम्पान्योलो हा स्वतः शर्यतीत उतरणारा सायकलस्वार. १९३३ मध्ये त्याने व्हिचेन्झा या गावी आपला कारखाना काढला. पुढची पन्नास वर्षे शर्यतीच्या सायकलीचा गिअर, हब आणि क्रँक म्हटले की हेच नाव पुढे येई.

६/
या कारखान्याचा जन्म एका आख्यायिकेशी जोडलेला आहे. क्रोचे द’औने या खिंडीत बर्फ पडत होते. गिअर बदलण्यासाठी तुल्लिओला मागचे चाक काढायचे होते, पण गारठलेल्या बोटांना चाकाची नट फिरवता येईना. शर्यत हातची गेली आणि त्याच्या मनात कल्पना आली: नटऐवजी एका खटक्याने सुटणारे चाक. हीच ती ‘क्विक रिलीज’. त्या खिंडीत आज त्याचे स्मारकही उभे आहे.

७/
कथा सुरेख आहे. पण कोणी ती १९२४ सालची सांगतो, तर कोणी १९२७ सालची. तिला समकालीन पुरावा किती, यावर अलीकडचे अभ्यासक प्रश्न उपस्थित करतात. कोणत्याही घराण्याच्या मूळपुरुषाची कथा आपण जशी वाचतो, तशीच हीही वाचावी. तिच्यातून त्या घराण्याला स्वतःविषयी काय सांगायचे आहे, ते कळते. सन मात्र धातूवर शोधावा.

८/
पण गिअर बदलायला चाक काढायचे, हे काय प्रकरण? त्या काळी मागच्या हबच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे असत. चढ लागला की उतरायचे, चाक काढून उलटे बसवायचे आणि पुढे निघायचे. चालता चालता चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर सरकवणारी यंत्रणा, म्हणजे डिरेलर, तेव्हाही अस्तित्वात होती. फ्रान्समधील सेंत-एतियेनचे पॉल द व्हिव्ही तिचा हिरिरीने पुरस्कार करीत. परंतु ‘तूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांना ती पसंत नव्हती. या शर्यतीत डिरेलरला मुक्तद्वार मिळाले ते १९३७ मध्ये.

९/
१९४० च्या दशकात काम्पान्योलोने ‘काम्बिओ कोर्सा’ ही यंत्रणा आणली. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणाऱ्या नळीवर दोन दांडे. स्वाराने चालत्या सायकलीवर हात मागे न्यायचा आणि एका दांड्याने मागचे चाक सैल करायचे. मग पायडल उलटे मारत दुसऱ्या दांड्याने चेन सरकवायची. चेनचा ताण साधण्यासाठी चाक पुढेमागे सरके आणि मग ते पुन्हा आवळायचे. १९४८ ची ‘तूर’ जीनो बार्तालीने हीच यंत्रणा वापरून जिंकली.

१०/
अभ्यासकासाठी खरी मौज पुढेच आहे. चाक सरळ रेषेत सरकावे म्हणून फ्रेमच्या मागच्या टोकांना, जिथे एक्सल बसतो तिथे, बारीक दाते कापलेले असत. सुमारे १९५० नंतर ‘ग्रान स्पोर्ट’ हा समांतरभुज चौकोनाच्या रचनेवर चालणारा डिरेलर आला आणि काम्बिओ कोर्साचे दिवस भरले. (ही रचना काम्पान्योलोच्या डोक्यातून प्रथम निघाली, असे मात्र नाही. फ्रान्सच्या ‘निव्हेक्स’ने तिचा वापर १९३० च्या दशकातच केला होता.)

११/
आता एखादी फ्रेम हाती आली, तिला ‘ग्रान स्पोर्ट’ बसवलेला आहे, पण मागच्या टोकांवर कानशीने घासलेल्या दात्यांच्या खुणा दिसतात आणि डिरेलर अडकवायचा कान नंतर झाळून जोडलेला आहे, असे समजा. याचा अर्थ ही फ्रेम मुळात जुन्या यंत्रणेसाठी घडली आणि पुढे नव्या काळाशी जुळवून घेण्यात आली. एखाद्या मंदिराच्या भिंतीत आधीच्या मंदिराचे कोरीव दगड सापडावेत, तसा हा प्रकार. येथे ‘मूळ’ रूप कोणते? घडली तेव्हाचे, की ज्या रूपात ती पुढची कित्येक वर्षे धावली ते? हा प्रश्न लक्षात असू द्या.

१२/
आता शीर्षकातील कोड्याकडे. १९६७ मध्ये ‘नुओव्हो रेकॉर्ड’ हा ॲल्युमिनिअमचा मागचा डिरेलर आला आणि सुमारे दोन दशके टिकला. त्याच्या अंगावर ‘पेटंट-७२’ अशी अक्षरे आढळतात. नवखा वाचक म्हणतो: ‘पेटंट १९७२ मध्ये मिळाले!’ तसे नाही. तो आकडा त्या नगाच्या निर्मितीचे वर्ष दाखवतो. आरंभीच्या नगांवर नुसतेच ‘पेटंट’ असे. १९७० पासून त्याच्यापुढे वर्ष येऊ लागले. शब्द हक्काचा आणि आकडा जन्माचा, अशी ही जोडी आहे.

१३/
क्रँकच्या आतल्या बाजूला आणखी एक खूण असते. शंकरपाळ्यासारख्या चौकटीत ४ हा अंक असेल तर वर्ष १९७४. तोच ४ वर्तुळात असेल तर १९८४. अंक एकच, पण चौकट बदलली की दशक बदलते. हबच्या एक्सलवरील लॉकनटवर ‘काम’ या रोमन अक्षरांपुढे दोन आकडी वर्ष कोरलेले सापडते. म्हणजे एका सायकलीवर तीन स्वतंत्र सनांचे लेख! मात्र ते वाचायला आधी काळे झालेले ग्रीस पुसावे लागते.

१४/
सन कोरलेला नसेल तर मापे बोलतात. काम्पान्योलोच्या सुरुवातीच्या ‘रेकॉर्ड’ क्रँकवर चेनव्हीलचे बोल्ट १५१ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असत. १९६७ च्या सुमारास ते १४४ वर आले. कारण सरळ होते: १५१ वर ४४ पेक्षा कमी दात्यांचे चेनव्हील बसत नसे आणि डोंगरी शर्यतींत त्याहून हलका गिअर हवा असे. १४४ मुळे ४२ दात्यांचे चेनव्हील शक्य झाले. आल्प्सच्या चढाने धातूवर कोरलेली ही तारीखच म्हणायची.

१५/
अनुपस्थिती हाही पुरावा असतो. काम्पान्योलोने स्वतःचे ब्रेक १९६० च्या दशकाच्या अगदी अखेरीस बाजारात आणले. त्यापूर्वीच्या इटालियन सायकलींवर बहुधा ‘युनिव्हर्सल’चे ब्रेक दिसतात, फ्रेंच सायकलींवर ‘माफाक’चे. तेव्हा ‘१९६२ ची सायकल, सर्व भाग मूळचे’ असे सांगून विकणाऱ्याने काम्पान्योलोचे ब्रेक दाखवले, तर सायकल खोटी ठरत नाही. पण ‘सर्व भाग मूळचे’ हा दावा खोटा ठरतो.

१६/
येथे पुरातत्त्वातला एक पायाभूत नियम लागू पडतो. उत्खननाच्या अबाधित थरात एखाद्या राजाचे नाणे मिळाले, तर तो थर त्या नाण्याहून जुना असू शकत नाही. नवा मात्र कितीही असू शकतो. सायकलीचेही तसेच. डिरेलर ७२ चा, लॉकनट ७३ चे, क्रँक ७४ चा आणि तिन्ही मुळापासून असतील, तर सायकल १९७४ पूर्वी जुळवलेली नाही. एखाद्या भागावर मात्र ८३ सापडले, तर तो बहुधा नंतरच्या दुरुस्तीचा. म्हणून एका सनावर विसंबू नये. साक्षीदार एकमेकांशी किती जुळतात, ते पाहावे.

१७/
सुटे भाग बदलता येतात. फ्रेम बदलता येत नाही. पायडलांचा एक्सल ज्या आडव्या नळकांड्यात फिरतो, त्या बॉटम ब्रॅकेटचे आटे फ्रेमचा देश सांगतात.
इंग्रजी: १.३७० इंच व्यास, इंचाला २४ आटे.
फ्रेंच: ३५ मिलिमीटर व्यास, १ मिलिमीटर अंतराचे आटे.
इटालियन: व्यास ३६ मिलिमीटर, पण आटे इंचाला २४!
व्यास मेट्रिक आणि आटे इंची. ब्रिटिश मापपद्धतीचा ठसा इटलीच्या नळ्यांत असा मुरलेला आहे, जशी मराठीच्या दफ्तरी भाषेत फारसी.

१८/
आट्यांची दिशाही पाहावी. इंग्रजी फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप डाव्या आट्यांचा असतो, म्हणजे उलट फिरवून आवळायचा. इटालियन आणि फ्रेंच फ्रेममध्ये दोन्ही कप उजव्या आट्यांचे. एक्सल उजवीकडे फिरतो, तेव्हा छऱ्यांच्या घरंगळण्याने कपावर उलट दिशेचा सूक्ष्म जोर येत राहतो आणि उजव्या आट्यांचा कप हळूहळू सैल होतो. इंग्रजांनी यावर उपाय केला. स्विस फ्रेमने तर मापे फ्रेंच ठेवून दिशा इंग्रजी स्वीकारली.

१९/
पण इथेही एक सापळा आहे. इंग्रजी नळकांड्याचे आटे झिजून गेले, तर जुने कारागीर ते किंचित मोठे करून त्यात इटालियन आटे पाडत, कारण ३६ मिलिमीटर हे माप इंग्रजीपेक्षा जरासे मोठे आहे. मग इटालियन आटे असलेली फ्रेम मुळात इंग्रजी असू शकते! ओळखायचे कसे? नळकांड्याची रुंदी मोजा. इंग्रजी ६८ मिलिमीटर, इटालियन ७०. आटे बदलले तरी रुंदी सहसा बदलत नाही. एका पुराव्याची उलटतपासणी दुसऱ्याने करायची, ती अशी.

२०/
नळ्यांचेही कूळ असते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट १८९७ मध्ये घेतले, कारण जोडाजवळ ताण जास्त आणि मध्यभागी कमी. त्यांचे प्रसिद्ध ‘५३१’ पोलाद १९३५ चे. इटलीत मिलानच्या ‘कोलुंबुस’ नळ्या मानाच्या. नळीवरचे लेबल गेले असेल तर सीटपिलरचा व्यास मोजतात. २७.२ मिलिमीटर असेल तर भिंती पातळ, म्हणजे नळ्या बहुधा उंची. मात्र हा संकेत आहे, निर्णायक पुरावा नव्हे.

२१/
आता येऊ जीर्णोद्धाराकडे. बहुतेकांचा पहिला उत्साह असा: जुना रंग खरवडा, नवा फवारा, सगळे चकचकीत करा. दोन दिवसांत सायकल नवी दिसते आणि तिच्याबरोबर मूळ रंग, कारागिराची चिन्हे, कानशीच्या खुणा, संघाच्या रंगाखाली दडलेला आधीचा रंग, सगळे कायमचे जाते. बखरीचे जीर्ण पान फाडून त्या जागी सुवाच्य अक्षरात नवी नक्कल डकवण्यासारखेच हे आहे. नक्कल वाचता येते. पण कागद, शाई आणि हस्ताक्षर यांना आता काही विचारता येत नाही.

२२/
म्हणून जाणकारांची रीत अशी:
• एकही पेच सैल करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्या.
• प्रत्येक भागावरचे अंक, खुणा आणि मापे लिहून ठेवा.
• मूळ रंग शोधायचा तर चिमट्याच्या नळीच्या आत आणि बॉटम ब्रॅकेटच्या पोटात पाहा. तिथे ऊन आणि हात सहसा पोहोचत नाहीत.
• आधी सर्वांत सौम्य उपाय. कोमट पाणी, साबण, मऊ फडके. पुरेसे असेल तर तिथेच थांबा.
• काढलेला भाग फेकू नका. चिठ्ठी लावून पिशवीत ठेवा.

२३/
दोन ठिकाणी हात विशेष जपून चालवावा. काम्पान्योलोच्या ॲल्युमिनिअम भागांवर अनोडायझिंगचा पातळ थर असतो. पॉलिशने घासल्यास आरशासारखी चमक येते खरी, पण तो थर जातो आणि कोरलेली अक्षरे बुजतात. दुसरे, पोलादी फ्रेममध्ये ॲल्युमिनिअमचे सीटपिलर वर्षानुवर्षे ओलाव्यात राहिले, तर दोन धातूंच्या रासायनिक क्रियेने ते घट्ट धरून बसते. हातोडा मारणारा फ्रेम गमावतो. भेदक तेल घालून दिवसचे दिवस वाट पाहणारा बहुधा जिंकतो.

२४/
तर मग काहीच बदलू नये का? तसेही नाही. सायकल चालवायची असेल तर जिवाशी खेळ नको. जुन्या ॲल्युमिनिअम क्रँकमध्ये, जिथे चेनव्हीलचे बाहू मुख्य दांड्याला मिळतात तिथे, केसासारख्या बारीक चिरा पडतात. जुने हँडल आणि त्याचा स्टेमही अवचित मोडू शकतात. वाळून दगड झालेले ब्रेकचे रबर, झिजलेले छर्रे, गंजलेल्या केबल बदलल्याच पाहिजेत. चिरलेला क्रँक कपाटात पुरावा म्हणून राहील; रस्त्यावर मात्र तो अपघात ठरेल.

२५/
आता ११ व्या पोस्टमधला प्रश्न: ‘मूळ’ रूप कोणते? शर्यतीची सायकल मुळातच बदलत जगते. मेकॅनिकने हंगामात चाके बदलली, पुढच्या मालकाने ब्रेक, त्याच्या मुलाने सीट. यातला प्रत्येक बदल हा तिच्या चरित्राचा भाग आहे. म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्याने रूप कोणतेही निवडावे, पण निवड नोंदवावी आणि शक्य तो मागे फिरता येईल अशीच ठेवावी. सुटा भाग परत बसवता येतो. खरवडलेला रंग परत येत नाही.

२६/
या जगाला एक सर्वमान्य सीमारेषाही मिळाली आहे. १९९७ पासून इटलीच्या तोस्काना प्रांतातील गायोले इन कियांती येथे ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी भरते. कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवरून १९८७ पर्यंतच्या पोलादी सायकली धावतात. अट अशी, की गिअरचे खटके फ्रेमच्या नळीवरच हवेत. हे वर्ष अर्थपूर्ण आहे. १९८४ मध्ये जपानच्या शिमानोने ‘खट्’ आवाजासरशी नेमका गिअर पडणारी यंत्रणा आणली आणि नुसत्या अंदाजाने गिअर टाकणाऱ्या हातांचे युग ओसरू लागले.

२७/
काम्पान्योलोची सायकल आपल्या घरी नसेल, बहुतेकांकडे नाहीच. पण आजोबांची काळी सायकल असेल. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. आसनसोलला इंग्लंडच्या रॅलेशी भागीदारीतला सेन-रॅलेचा होता. १९८० मध्ये संसदेने एकाच कायद्याने दोन्हींचे राष्ट्रीयीकरण केले. त्या सायकली लाखोंच्या घरांत वापरल्या गेल्या आणि भंगारात गेल्या. ज्या उरल्या, त्यांच्याही हबवर, क्रँकवर, फ्रेमखाली काही ना काही कोरलेले आहे.

२८/
तेव्हा कोणी ती रंगवायला काढण्यापूर्वी एक जुना टूथब्रश, थोडे रॉकेल आणि एक वही घ्या. बॉटम ब्रॅकेटखालची धूळ हलकेच काढा. अंक दिसले तर आधी लिहून घ्या आणि मग विचार करा. इतिहासाची साधने फक्त दफ्तरखान्यात नसतात. काही जिन्याखाली, मडगार्डला गंज चढलेल्या अवस्थेत, भिंतीला टेकून उभी असतात.

(समाप्त)